आठ नंबरचा पायगुण

"पाय पुढे घ्या, ताई," दुकानदार म्हणाला आणि मी दोन्ही पाय बाकाखाली ओढून घेतले.

त्याच्या हातात कोरा कागद आणि पेन्सिल होती. "उभं राहून कागदावर पाय टेकवा. आखून घेतो. लग्नाची सँडल आहे, माप चुकायला नको."

"आखायचं कशाला?" माझी आई चटकन मधे पडली. "सात नंबर लागतो तिला."

मला आठ लागायचा. पण आईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला होता, की तिने चार सांगितला असता तरी मी मान डोलावली असती.

त्या दिवशी साताऱ्यात माझ्या लग्नाचा बस्ता होता. सकाळपासून शालू, मानापानाच्या साड्या, टोप्या-टॉवेल असं सगळं उरकून आम्ही चौघी शेवटी चपलांच्या दुकानात येऊन बसलो होतो. इकडे मी आणि आई, समोर फलटणहून आलेल्या सासरच्या दोघी. त्यातल्या आत्याबाई म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला, त्या माहेरी परत आल्या आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचून बसल्या. तेव्हापासून भोईट्यांच्या घरात सूर्यसुद्धा त्यांना विचारून उगवायचा. दुसऱ्या माझ्या होणाऱ्या सासूबाई, शालन. बसायचे पैसे पडतात की काय अशा बेताने त्या बाकाच्या कडेला टेकल्या होत्या. सकाळपासून त्यांच्या तोंडून 'हो वन्सं' आणि 'बरं वन्सं' याखेरीज काही बाहेर पडलं नव्हतं.

पाय लपवण्याचं कारण सांगते. माझे तळवे सपाट आहेत. चारचौघांचं ओलं पाऊल फरशीवर उमटतं तेव्हा आतल्या बाजूला कमान दिसते, तेवढी जागा कोरडी राहते. माझ्या पावलात कोरडं काही राहत नाही. लहानपणी न्हाणीतून बाहेर आले की मागे विटा मांडत आल्यासारखं दिसायचं. डॉक्टरांच्या लेखी यात विशेष काही नव्हतं. चपलेला मधे आधार असावा, टाच पक्की असावी, संपलं. पण डॉक्टरांना विचारतो कोण? सपाट पायाची सून सासर धुऊन नेते, हे आमच्याकडे ज्याला बे एके बे येत नाही त्यालाही पाठ. आधीचं एक स्थळ त्यावरूनच फिसकटलं होतं. मुलाच्या काकूने पाय धुवायला पाणी मागितलं, 'तूही धू गं' म्हणाली, आणि मी ओल्या पायांनी चार पावलं चालले. मंडळी पोहे तसेच टाकून उठली.

म्हणून धैर्यशील मला बघायला आला तेव्हा आईने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सतरंजी अंथरली. मी एका दवाखान्यातल्या औषधांच्या काउंटरवर काम करायचे. आम्हाला दोघांना पाच मिनिटं बोलायला दिलं तेव्हा त्याने पहिलं काय विचारलं असेल? "दिवसभर उभ्या असता, तर तिथे एखादं स्टूल का नाही ठेवून घेत?" माझ्या पायांची चांगल्या मनाने चौकशी करणारा तो पहिला माणूस. मी मनातल्या मनात तिथेच अक्षता टाकून मोकळी झाले. हा माणूस मला हातचा घालवायचा नव्हता, आणि तो घालवायला एक ओली फरशी पुरे होती.

"ती सोनेरी काढ बघू," आत्याबाई दुकानदाराला म्हणाल्या.

त्याने काढली. टाच काठीसारखी बारीक, तळ पापडासारखा पातळ, आणि मधे आधाराच्या नावाने शून्य.

"जरा उंच आहे का?" आईने भीत भीत विचारलं.

"उंचच पाहिजे. नवरीच्या पायाकडं समदं गाव बघतंय. घराचा पायगुण म्हणत्यात तो पायातच असतोय की. आमच्यात एकदा न बघता घेतलं, त्याचं अजून फेडतोय." आणि त्यांनी माझ्याकडे बघून प्रेमाने हसून म्हटलं, "घाल बाळ."

मी घातली. टाचेचा बोटभर भाग मागे बाहेर राहिला, तो मी साडीने झाकला.

इतक्यात माझं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्या कधी उठल्या कळलंच नव्हतं. सगळ्यात खालच्या फळीवर, कुणी विचारत नाही असा माल असतो, तिथून त्यांनी एक रुंद तपकिरी सँडल उचलली होती. एका हाताने टाच धरून दुसऱ्या हाताने पुढचा भाग त्यांनी धुणं पिळावं तसा पिळून बघितला. मग वाकवून बघितली. ती बोटांपाशी वाकली, मधे वाकली नाही. मग मागची टाच चिमटीत दाबली. आणि शेवटी आतल्या उंचवट्यावर अंगठा खुपसून, डोळे किलकिले करून, तो उंचवटा दबतो की तग धरतो ते बघितलं.

सँडल मी अशीच घेते. बायका रंग बघतात, पट्टा बघतात, भावात घासाघीस करतात. चपलेच्या पोटात अंगठा खुपसून बघायची गरज फार थोड्यांना पडते. म्हणजे कुणीतरी कळ लावली होती आणि ही बाई माझी परीक्षा घ्यायला बसली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मला तर भर दुपारी लख्ख दिसायला लागलं.

त्या ती सँडल घेऊन सरळ माझ्यासमोर आल्या. "ही घालून बघतीस का?"

"छे छे," आई म्हणाली. "तिला हीलच आवडते."

"दिवसभर उभं ऱ्हावं लागतं ना तुला?" त्यांनी आईकडे न बघता मला विचारलं. "सांजच्याला तळवं दुखतात का?"

दुखायचे. इतके, की घरी येऊन मी तळव्याखाली लाटणं घेऊन फिरवत बसायचे.

"नाही," मी म्हणाले. "कधीच नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग खाली, साडीच्या काठाकडे. "बरं हाय मग," म्हणाल्या.

"शालन!" आत्याबाई कडाडल्या. "म्हातारीच्या वहाणा काय दाखवतीस पोरीला? ठेव खाली."

"माझ्यासाठी घेते, वन्सं."

"तुला? तुझा पाय हाय का होडी? दोन पाय मावतील तुझं एकीत."

"थंडीत मोजे घालून घालीन."

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. मग मला सोनेरी सँडलमध्ये दुकानभर चालवून बघितलं. मी निखाऱ्यावरून चालल्यासारखी चालले आणि हसत राहिले.

"कशी हरणीवानी चालती!" आत्याबाई म्हणाल्या. दुकानदारानेही मान हलवली. त्याला सँडल विकायची होती.

घरी जाताना रिक्षात आई म्हणाली, "तिला कळलंय."

"कळलं असतं तर बस्ता तिथेच परत केला असता."

"बस्ता परत करत नाहीत, वृंदा. मुलगी परत करतात." रिक्षातून उतरता उतरता ती म्हणाली, "लग्न लागून महिना होईपर्यंत पाय कोरडे ठेव, बाई. काहीही कर."

लग्न फलटणजवळच्याच एका कार्यालयात झालं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि त्यानंतर स्टेजवर मी त्या सोनेरी सँडलमध्ये उभी राहून दोन्हीकडच्या यच्चयावत नातेवाइकांना नमस्कार केला. धैर्यशील एकदा कानाशी म्हणाला, "बसतेस का जरा?" आत्याबाईंनी नुसतं बघितलं आणि तोच बसला. हा माझा धैर्यशील.

दिवेलागणीला वरात घरी पोचली. दारात मी सँडल काढल्या तेव्हा पाय सुजून पावासारखे झाले होते. पण मनात म्हटलं, सुटले. आता उंबऱ्यावरचं तांदळाचं माप ओलांडायचं आणि आत जायचं. आत फरशी कोरडी आहे, आईने निघताना माझ्या पाठराखणीला ते बघायला सांगितलं होतं. मी उजव्या पायाने माप लवंडलं. तांदूळ आत सांडले. टाळ्या पडल्या.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या.

आतून एका बाईने मोठी परात आणली. परातीत कुंकवाचं पाणी होतं, लालभडक. दुसरीने परातीपुढे पांढरंशुभ्र कापड अंथरलं.

"परातीत पाय बुडवायचं आणि ह्या फडक्यावर पावलं टाकत आत यायचं," आत्याबाईंनी जाहीर केलं. "बारामतीच्या लग्नात बघितलं मी. फडकं फ्रेम करून लावत्यात."

"आत्या, आपल्यात हे कधी नव्हतं," धैर्यशील म्हणाला.

"तुझ्या आईच्या वेळंला नव्हतं, म्हणून तर भोगलं. आता लक्ष्मी पारखून घ्यायची."

"उजवा पाय आधी, वहिनी," फोटोग्राफर म्हणाला. "सावकाश टेकवा, म्हणजे ठसा क्लिअर येईल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात. माझ्यावर पाय दाखवून ते करायची वेळ आली होती, तीही फोटोग्राफरसमोर. मागे अंगणात आमची गाडी वळवून लावत होते. मला वाटलं, तिचं तोंड बाहेरच करून ठेवा, मला परत न्यायला उद्या लागेल. उंबऱ्याच्या आत सासूबाई उभ्या होत्या. एका हातात ओवाळून टाकायचा भाकरतुकडा, दुसऱ्या हातात पाण्याने भरलेला तांब्या. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर माझ्या पायांवर खिळली होती. बस्त्याच्या दिवसापासून ही बाई याच घटकेची वाट बघत होती, असं मला वाटलं.

मी परातीत पाय ठेवला. पाणी गार होतं. खोटं कशाला बोलू, दिवसभराच्या आगीनंतर इतकं बरं वाटलं की क्षणभर सगळं विसरायला झालं. मग पाय उचलला आणि कापडावर टेकवला. पुन्हा उचलला.

वीट. ओली, लाल, चारी बाजूंनी भरलेली.

आत्याबाईंचा चष्मा कपाळावर होता. तो त्यांनी खाली ओढला आणि वाकायला लागल्या.

त्याच वेळी ठण्णकन तांब्या पडला. नुसता पडला नाही, कापडावर आडवा झाला आणि घरंगळत गेला. सगळं पाणी माझ्या पावलावरून वाहिलं. विटेचा लाल चिखल झाला आणि उंबऱ्यावरून खाली ओघळला.

"शालन!" आत्याबाईंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. "डोळं फुटलं का तुझं? लक्ष्मी दारात उभी, आणि तू तिचं पाऊल वाहवून लावलंस? तीस वरसं झाली, अजून तुझ्या पायाची पीडा सरंना माझ्या भावाच्या घरातनं!"

वऱ्हाडातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सासरे मांडवाचा खांब न्याहाळायला लागले. सासूबाई मान खाली घालून म्हणाल्या, "हात ओला होता. सुटला."

मला त्यांची दया आली नाही. मी वाचले होते, तेवढंच मला कळत होतं.

"परत घेऊ की," फोटोग्राफर म्हणाला. "लाईट आहे अजून."

"दुसरं फडकं आणा," आत्याबाई म्हणाल्या.

"ते आत हाय, देवघरात," सासूबाई म्हणाल्या. "इथं आता चिखल झालाय, वन्सं, पावलं नीट उठायची न्हाईत. मी आत देवापुढंच घेते तिच्याकडनं."

"चल. मी येते."

सासूबाई हलल्या नाहीत. परात उचलून त्या तशाच उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "वन्सं, देवापुढचं काम हाय. सवाष्णीनं करायचं. तुमीच शिकवलंय मला."

सनई वाजवणाऱ्यालाही काहीतरी कळलं असावं, कारण तोही थांबला. आत्याबाईंचा हात किल्ल्यांवर गेला आणि तिथेच राहिला. मग त्या पायरीवर बसल्या. "जा," म्हणाल्या. "लौकर ये."

सासूबाईंनी माझे ओले पाय पदराने पुसले आणि मला आत नेलं. देवघरात शिरल्याबरोबर त्यांनी दाराला कडी घातली. समईच्या उजेडात त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. मला रडूच फुटलं.

"आई, मी सांगणार होते. लग्नाआधीच सांगणार होते—"

"कुणाला? वन्संना? मग झालंच असतं लग्न." त्यांनी परात जमिनीवर ठेवली, साडी घोट्यापर्यंत उचलली आणि स्वतःचा उजवा पाय कुंकवाच्या पाण्यात बुडवला. मग तो मोकळ्या फरशीवर टेकवला आणि उचलला.

वीट. माझ्यापेक्षा बरीच लहान, पण शंभर नंबरी.

"टेकव तुझा शेजारी," त्या म्हणाल्या.

मी टेकवला. दोन विटा, एक पाच नंबरची आणि एक आठ नंबरची, देवापुढे शेजारी शेजारी उमटल्या. आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत उभ्या राहिलो.

"मला वाटलं, दुकानात तुम्ही मला पकडताय," मी म्हणाले.

"मी तर तुलाच भ्याले होते. म्हटलं ही दवाखान्यात काम करणारी पोरगी, चप्पल दाबून बघते त्यावरनं हिला माझं कळायचं आणि जाऊन वन्संना सांगायची. मग तू म्हणालीस, कधीच दुखत न्हाई. खोटं बोलताना एक पाय दुसऱ्यावर घासत होतीस. मीबी तसंच करते. तवा कळलं." त्यांनी पदराने माझे डोळे पुसले, जरा जोरातच. "माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी न्हाऊन बाहेर आले. वन्सं चुलीपुढं होत्या. त्यांनी फरशी बघितली, मग मला बघितलं. बोलल्या न्हाईत. चार दिवसांनी हिरीवरली मोटार जळाली. त्या दिवशी बोलल्या. अजून बोलत्यात."

"मोटार जुनी होती का?"

"जुनी कसली? तुझ्या सासऱ्यांनी भंगारातनं आणलेली. पण मोटारीला कोण विचारतंय?" एवढं बोलून त्यांनी कपाटातून दुसरं पांढरं कापड काढलं आणि झटकून अंथरलं. "गौरी आणताना पावलं काढतीस का माहेरी?"

"काढते."

"मग बघत काय बसलीस?"

त्यांनी उजवी मूठ आवळली, करंगळीच्या बाजूने परातीत बुडवली, निथळली आणि कापडावर दाबली. मूठ उचलली तर खाली पाऊल. टाच गोल, आणि मधे अशी डौलदार कमान की ज्येष्ठा-कनिष्ठांनी हेवा करावा. वरची बोटं मी टेकवली, तर्जनी बुडवून बुडवून. मग त्यांची डावी मूठ. मग पुन्हा उजवी. त्या पुढे सरकत होत्या, मी मागून बोटं लावत होते.

"झालं का गं?" बाहेरून आत्याबाईंनी दार वाजवलं.

"होतंय, वन्सं! पोरगी दमलीया. हळू टाकतीया पाय!"

मी शालूचा पदर तोंडात कोंबला. रडत होते की हसत होते ते माझं मलाच कळत नव्हतं.

"लहान झालीत," मी कुजबुजले. "माझा पाय याच्या दुप्पट आहे."

"कमान बघत्यात माणसं, लांबी कोण मोजतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची." त्यांनी फरशीवरच्या आमच्या दोन विटा पोतेऱ्याने पुसून टाकल्या, हात धुतले आणि माझ्या दोन्ही तळव्यांना पुरेसं कुंकू फासलं. मग कपाटाखालून पुठ्ठ्याचं खोकं ओढलं. आत त्या तपकिरी सँडल होत्या. मी उलटून बघितल्या. आठ नंबर.

"तुझ्या आईनं सात सांगितला. पण त्या सोनेरीतनं तुझी टाच बाहेर आलेली मी बघितली. उद्यापास्नं ह्या घालायच्या. त्या दुसऱ्या ऱ्हाऊ देत फोटोपुरत्या."

मी त्यांच्या गळ्यात पडले. त्यांनी मला थोपटलं, आणि कडी काढता काढता स्वतःशीच म्हणाल्या, "वन्संना तसं बोलायला नको होतं. पण दुसरी कडी नव्हती ह्या दाराला."

बाहेर कापड पसरलं तेव्हा आत्याबाईंनी चष्मा नीट बसवला आणि वाकून एका पावलाच्या कमानीवरून बोट फिरवलं.

"अगं बाई बाई," त्या म्हणाल्या. "बघितलंस, शालन? ह्याला पाऊल म्हणत्यात."

"हो, वन्सं," सासूबाई म्हणाल्या. त्या रात्रीचं पहिलं ताट त्यांनी स्वतः वाढून आत्याबाईंना नेऊन दिलं आणि त्यांचं जेवण होईपर्यंत शेजारी बसून राहिल्या.

कापडातली सगळ्यात सुबक जोडी कापून फ्रेम झाली आणि बैठकीच्या खोलीत, बरोबर दारासमोर लागली. येणारा-जाणारा म्हणायचा, किती नाजूक पावलं हो सुनेची! आणि त्याच दारात माझ्या होडीएवढ्या सँडल काढलेल्या असायच्या. दोन्ही एकदम कुणी बघितल्या नाहीत. त्या फ्रेममध्ये डाव्या पावलाला सहा बोटं आहेत. घाईत माझ्याकडून एक जास्तीचं टेकलं गेलं. ते आमच्या लक्षात आलं पहिल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, भरल्या घरात. सासूबाईंनी मला डोळ्यांनी दाखवलं आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन हसून हसून भिंतीला टेकलो. बाकी कुणाला ते सहावं बोट आजतागायत दिसलेलं नाही.

त्या वर्षी शेतातल्या बोअरला पाणी लागलं, तो माझा पायगुण. धैर्यशीलला बढती मिळाली, तोही माझाच. दूध उतू गेलं, फ्रिज बिघडला, सासऱ्यांची कंबर धरली, की मात्र आत्याबाई शालनच्या पायांकडे बघायच्या. धैर्यशीलला मी पहिल्याच आठवड्यात सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला, मग उठून बसला. "आईचे पाय दुखतात हे मला माहीतच नव्हतं," म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो साताऱ्याला जाऊन तशाच तपकिरी सँडल घेऊन आला, पाच नंबरच्या. सासूबाई त्या घालून आधी घरातल्या घरात, मग अंगणात, मग थेट बाजारापर्यंत चालून आल्या. आल्यावर म्हणाल्या, "इतकी वर्षं वाटायचं, चालायचं म्हटल्यावर दुखायचंच."

"लक्ष्मीची पावलं मिळाली तर हिला रणगाडं घालायची हौस," आत्याबाई माझ्या सँडलकडे बघून म्हणायच्या. "सासूची संगत, दुसरं काय!"

एकदा त्या सासूबाईंना फारच बोलल्या, तेव्हा मी फ्रेम भिंतीवरून काढायलाच निघाले होते. सासूबाईंनी माझा हात धरला. "नको. त्यांना आयुष्यात काही मिळालं न्हाई, बाई. निदान एक तरी चांगलं पाऊल घरात आलं म्हणून सुखात हायत. ऱ्हाऊ दे."

सासूबाई जाऊन आता दोन वर्षं होतील. साधा ताप आला आणि दवाखान्यातून परत आल्याच नाहीत. मला त्यांची फार आठवण येते. त्यांचा एक फोटो आहे, त्यात त्या फोटोवाल्याला भिऊन बसल्यासारख्या दिसतात. तशा त्या नव्हत्या. त्या कशा होत्या ते त्या फ्रेममध्ये आहे. तळवे त्यांच्या मुठीचे, बोटं माझी. कामाला निघताना मी रोज तिच्यासमोर उभी राहते आणि हात जोडते.

आत्याबाईंची खाट हल्ली बैठकीच्या खोलीतच असते. नव्वदी गाठली, ऐकू कमी येतं, दिसतं मात्र सगळं. परवा सकाळी मी हात जोडले तशा म्हणाल्या, "वृंदा, रोज रोज स्वतःच्याच पावलांच्या काय पाया पडतीस? एवढा गर्व बरा न्हवं."

"पायगुण चांगला आहे ना, आत्याबाई," मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले. "तुम्हीच म्हणता."

त्या विचारात पडल्या. "ते बी खरंच," म्हणाल्या. "ह्याच पावलांनी घर सावरलं." आणि उशीवरून डोकं जरा उचलून त्यांनी फ्रेमकडे बघून हात जोडले. डोळे मिटून, माझ्यापेक्षा किती तरी जास्त वेळ. मग म्हणाल्या, "शालनला सांगत हुते मी. रोज हात लावत जा म्हणून ह्या पावलांना. तेवढंच तुझंबी भलं हुईल. ऐकलं न्हाई तिनं."

मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. उंबऱ्याबाहेर दोन तपकिरी जोड होते. आठ नंबरचा पायात घातला आणि कामावर गेले.